न लागणारा लाल दिवा



गेल्या महिन्यात पवन मावळातल्या एका भगिनीचे पत्र आले. अक्षर मोठे, शाळकरी. पण मजकूर असा की मी ते पत्र दोनदा वाचले. त्या लिहितात : "भाऊ, आमच्या घरी गुलाबाचे एक पॉलिहाऊस आहे. फुलांसाठी मुलाने गेल्या वर्षी जुनी पिकअप घेतली. रात्री बारा-एकला तो खंडाळ्याचा घाट उतरून फुले घेऊन दादरला जातो. परवा मी दिरांच्या गाडीत पुढे बसले होते. त्यांची गाडी आमच्यासारखीच. त्यांनी चावी फिरवली तेव्हा समोर चार दिवे लागले. आमच्या गाडीत तीनच लागतात. गोलात उद्गारचिन्ह असते तो लाल दिवा लागत नाही. मुलाला सांगितले तर तो म्हणतो, 'आये, दिवा लागत न्हाय म्हंजी गाडी ठणठणीत हाय. लागला तर काळजी करायची.' भाऊ, हे खरे का?"

ताई, हे खरे नाही. आणि तुमच्या मुलासारखे समजणारे घरोघर आहेत. एके काळी मीही त्यांतलाच होतो. म्हणून आजचा हा लेख.

राखणीचे कुत्रे रात्रभर भुंकले नाही, म्हणजे चोर आलाच नाही असे आपण धरून चालतो. पण कुत्रेच मेले असेल तर? गाडीतला इशाऱ्याचा दिवा हे राखणीचे कुत्रे आहे. म्हणून ते जिवंत आहे की नाही, हे रोज एकदा पाहायचे असते. गाडी बनवणाऱ्यांनी त्याची सोयही करून ठेवली आहे. चावी 'ऑन'वर फिरवली आणि इंजिन अजून सुरू केले नाही, एवढ्या क्षणात इशाऱ्याचे दिवे लागून दाखवतात. तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेकचा दिवा. इंजिन सुरू झाले, हँडब्रेक खाली केला, की ते विझतात. ही रोजची हजेरी आहे. हजेरीला जो दिवा लागला नाही, तो गैरहजर. मग दिवसभर तो गप्प राहिला तरी त्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही.

आपल्या लोणावळ्याच्या रेल्वेत हे शहाणपण जुने आहे. कर्जत-लोणावळ्यामधला बोरघाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला. चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. असा उतार उतरताना गाडी ताब्यातून सुटली तर तिला चढावर नेऊन थांबवणाऱ्या बाजूच्या लाइनी तिथे मुद्दाम बांधलेल्या आहेत. अशा रेल्वेचा एक नियम आहे. जिथे सिग्नलचा दिवा दिसायला हवा तिथे दिवाच दिसला नाही, तर चालकाने 'काही नाही, चला पुढे' असे म्हणायचे नाही. तो सिग्नल सर्वांत कडक इशारा देतो आहे असे मानायचे. थोडक्यात, विझलेला दिवा म्हणजे लाल दिवा. आपल्या ट्रॅक्टरला आणि पिकअपला हाच नियम लावला, तर पुष्कळ नुकसान टळेल.

माझे कसे टळले नाही ते सांगतो. १९९८ चा आषाढ. आंदर मावळात भाताची चिखलणी चालली होती. इर्जिकीत तीन घरांची खाचरे माझ्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर करायची ठरली होती. ट्रॅक्टर चालवायला मी. आदल्या दिवशी मीच ऑइल बदलले होते आणि खालचा बोल्ट घाईत आवळला होता. चावी फिरवल्यावर ऑइलचा दिवा लागत नाही, हे मला महिनाभर दिसत होते. पण इंजिन छान चालत होते. मनात म्हणायचो, पाऊस संपल्यावर बघू.

दुसरे खाचर अर्धे झाले होते. मागच्या बांधावर रोपे टाकणाऱ्या चुलतीला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. तिने हाका मारल्या, पण केजव्हीलच्या आवाजात मला काय ऐकू येणार! थोड्या वेळाने इंजिनमधून टकटक असा आवाज येऊ लागला. मी क्लच दाबेपर्यंत ट्रॅक्टर जागच्या जागी धरला. बोल्ट सुटून ऑइल चिखलात गेले होते. बेअरिंगे गेली, क्रँक खराब झाला. ट्रॅक्टर खाचरातून ओढून काढायला दोन बैलजोड्या आणि सारी आळी लागली. तीन घरांची लावणी लांबली, रोपे तरव्यातच वयाची झाली. चुलतभाऊ मला एक शब्द बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला अजून आठवते.

पुढे मिस्त्रीने मीटरच्या बोर्डामागून तो बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला. आतली तार तुटलेली. शेरभर शेंगदाणेही येणार नाहीत एवढ्या किमतीचा तो बल्ब. तो लागत असता, तर तकतकीत लाल होऊन त्याने मला वेळेवर थांबवले असते.

असो. आता हा दिवा लागतो कसा आणि लागत नसेल तर दोष शोधायचा कसा, ते पाहू. पुढचे सारे साध्या वायरिंगच्या जुन्या ट्रॅक्टर, जीप आणि पिकअपसाठी आहे. नव्या गाड्यांचे वेगळे, ते शेवटी सांगतो.

ऑइलच्या दिव्याचा रस्ता असा : बॅटरीतून वीज चावीच्या स्विचला, तिथून फ्यूजमधून बल्बला. बल्बच्या दुसऱ्या टोकापासून एक बारीक वायर इंजिनला बसवलेल्या ऑइल स्विचला जाते. इंजिन बंद असते तेव्हा ऑइलला दाब नसतो. त्या वेळी हा स्विच वायरला इंजिनच्या लोखंडाशी जोडतो. म्हणजे अर्थ देतो. रस्ता पुरा झाला की दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, ऑइलचा दाब वाढला, की स्विचमधला पडदा उचलला जातो, जोड तुटतो आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा न लागण्याची जागा याच रस्त्यावर कुठेतरी असणार. शोध घ्यायचा तो क्रमाने.

पहिला प्रश्न : एकच दिवा लागत नाही, की सगळेच? सगळेच दिवे गेले असतील आणि डिझेलचा काटाही हलत नसेल, तर एकेक बल्ब काढत बसू नका. सगळ्यांचा मिळून असलेला रस्ता बंद आहे. फ्यूज पाहा, चावीचा स्विच पाहा, बोर्डामागचे कप्लर सैल झाले आहे का ते पाहा. फ्यूज उडाला असेल तर त्याच ताकदीचा बसवा. चांदी किंवा तार गुंडाळून काम भागवू नका. गाडी पेटते ती अशानेच.

एकच दिवा गेला असेल तर दुसरी पायरी. इंजिन बंद ठेवा, चावी 'ऑन' करा. ऑइल स्विचवरची बारीक वायर काढा आणि तिचे टोक इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला टेकवा. एकाने टेकवायचे, दुसऱ्याने दिव्याकडे पाहायचे. घरातले पोरही हे काम करील. दिवा लागला, तर बल्ब, फ्यूज आणि वायर तिन्ही ठीक. दोष स्विचमध्ये. तो बदलायचा. पण बदलण्याआधी एक पाहा. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप कोणी स्विचच्या आट्यांना भरपूर गुंडाळली आहे का? ऑइल गळू नये म्हणून पुष्कळ जण ती लावतात. या स्विचला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो. टेपने तो तुटला की चांगला स्विचही मुका होतो.

वायर टेकवूनही दिवा लागला नाही, तर तिसरी पायरी : बल्ब. बोर्डामागे हात घालण्याआधी बॅटरीची वजा बाजूची वायर काढून ठेवा. बल्ब होल्डरसह निघतो. आतली तार तुटली आहे का, काच काळी झाली आहे का ते पाहा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. शेजारचा, लागत असलेला बल्ब इथे लावून बॅटरी जोडून पाहा. तो लागला, तर जुना बल्ब गेला होता. बल्बचे पाय आणि होल्डरची पत्री हिरवी किंवा काळी पडली असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासा. आपल्या मावळचा पाऊस कोणाला सांगायला नको. चार महिने ओल असते. दोष बल्बचा नसून गंजाचा, असे इथे फार वेळा निघते.

बल्बही चांगला निघाला, तर उरली वायर. ती इंजिनजवळच्या पट्टीवर घासून तुटलेली असते, नाहीतर उंदराने खाल्लेली असते. गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली उंदीर पावसाळ्यात हटकून घर करतात. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, एवढा टेस्ट लॅम्प घरी करून ठेवा. एक टोक बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला, दुसरे टोक चावी 'ऑन' असताना वायरच्या एकेका जोडाला लावत फ्यूजपासून पुढे जायचे. जिथपर्यंत तो लागतो तिथपर्यंत वीज येते; जिथे लागत नाही, त्याच्या मागेच तुटले आहे. बल्बच्या पलीकडच्या भागात तो मंद लागेल किंवा नुसता लालसर दिसेल, तेवढे ध्यानात ठेवा. तुटलेली वायर सापडली की नीट जोडा, वर टेप किंवा नळी चढवा आणि घासणार नाही अशी बांधा.

हे सारे होईपर्यंत काय? गाडी उभी. फारच नड असेल, तर मिस्त्रीकडून ऑइलचा दाब घड्याळाने मोजून घ्या आणि रोज सकाळी सपाट जागेवर पट्टी काढून ऑइल पाहा. पण पट्टीने ऑइल किती आहे ते कळते, दाब आहे की नाही ते कळत नाही, हे विसरू नका. दिवासुद्धा दाब फारच उतरल्यावर लागतो. म्हणून चालत्या गाडीत तो लागला, तर 'वस्तीपर्यंत नेतो' असे म्हणू नका. जागेवर इंजिन बंद करा.

आता बॅटरीचा दिवा. याची एक गंमत आहे. ज्या अल्टरनेटरना या दिव्यातूनच बारीक वायर जाते, त्यांत हा दिवा नुसता इशारा देत नाही. अल्टरनेटरला वीज बनवायला सुरुवात करून देणारा पहिला थेंबही त्याच्यातूनच जातो. पंपात आधी पाणी ओततो ना, तसे. म्हणून हा बल्ब गेला, की कित्येकदा चार्जिंगही होत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावरच सुरू होते. लोक बॅटरीला दोष देतात, नवी आणतात, आठ दिवसांत तीही बसते. इथे बल्ब त्याच वॅटचा बसवा. एलईडी बसवलात तर पुरेशी वीज जात नाही. तपासणी तशीच : इंजिन बंद, चावी 'ऑन', अल्टरनेटरची फक्त बारीक वायर काढून बॉडीला टेकवायची. दिवा लागला, तर दोष अल्टरनेटरमध्ये. बहुधा कार्बन झिजलेले असतात. मात्र जवळच्या जाड वायरला हात लावू नका. ती थेट बॅटरीची, चावी बंद असली तरी जिवंत. पाना टेकला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. तपासून झाले की बारीक वायर परत जोडूनच इंजिन सुरू करा.

आता ताईंचा दिवा, ब्रेकचा. तो दोन कारणांनी लागतो : हँडब्रेक ओढलेला असेल तर, आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली तर. म्हणून चावी 'ऑन' करून हँडब्रेक ओढायचा. दिवा लागला, तर बल्ब ठीक. मग हँडब्रेक सोडायचा आणि डबीचे झाकण अलगद उचलायचे. ज्या गाड्यांत तरंगता गोळा झाकणाला असतो, त्यांत तो खाली लोंबतो आणि दिवा लागला पाहिजे. नाही लागला, तर झाकणावरचे कप्लर गंजले असेल किंवा गोळा अडकला असेल. झाकण उचलण्याआधी डबी पुसून घ्या, पाऊस चालू असताना उघडू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि ओल घेतलेले ऑइल घाटात तापले की उकळून ब्रेक पोकळ होतो. रंगावर सांडले तर रंगही खाते.

इथे एक इशारा. हा दिवा ऑइलची पातळी सांगतो; ब्रेक तापले आहेत हे तो सांगत नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर दिवा विझलेला असूनही ब्रेक धरेनासे होतात. तिथे गिअरच कामाला येतो. ज्या खालच्या गिअरने भरलेली गाडी घाट चढेल, त्याच गिअरने उतरायचे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा तर जिवाशी खेळ. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पाय दाबेपर्यंतच टिकते. मग पाय दगडावर दाबल्यासारखा होतो.

नव्या गाड्यांविषयी थोडे. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ च्या गाड्या विकल्या जातात. त्यांत बरेच दिवे संगणक लावतो. तिथे वर सांगितल्याप्रमाणे वायर काढून लोखंडाला टेकवू नका. महागडे यंत्र जळेल. एअरबॅगच्या वायरीला तर हातच लावू नका. पण सकाळची हजेरी तिथेही घ्यायचीच. चावी फिरवल्यावर एबीएस, एअरबॅग, इंजिन यांचे दिवे लागून विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर गाडी वर्कशॉपला दाखवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी रंग आणि टायर पाहण्याआधी चावी फिरवून दिवे मोजावेत. सारखा लागणारा दिवा बंद करायचे दोन मार्ग असतात : दोष दुरुस्त करणे, किंवा बल्ब काढून टाकणे. दुसरा स्वस्त असतो.

ताईंना मी लेखाची वाट न पाहता त्याच दिवशी फोन केला. 'रात्रीची खेप थांबवा, आधी दिवा शोधा,' म्हटले. पोरगा आधी रागावला. मग दिरांना घेऊन बोर्ड उघडला. ब्रेकच्या दिव्याच्या होल्डरमध्ये बल्बच नव्हता. जळका नव्हे, मुळी नव्हताच. कोणी काढला, कधी काढला, हे आता कळायचे नाही. पोराने कामशेतहून बल्ब आणून लावला, चावी फिरवली, हँडब्रेक ओढला, दिवा लागला. सगळे खूश झाले. मग त्याने हँडब्रेक खाली केला.

दिवा विझला नाही.

डबीत ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. मिस्त्रीने पुढची चाके खोलली, तर ब्रेकचे पॅड झिजून पत्र्याला आले होते. पॅड झिजत जातात तसे डबीतले ऑइल खाली उतरते. दिवा हेच सांगायला बसवलेला होता. नुसते ऑइल ओतून तो विझवता आला असता, पण दोष तसाच राहिला असता. पॅड बदलले, ऑइल नवे भरले, हवा काढली. त्या दोन रात्रींची फुले लोणावळ्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेली.

ताईंनी परवा पुन्हा चार ओळी लिहिल्या आहेत. "आता रात्री गाडी निघताना मी कंदील घेऊन अंगणात उभी राहते. तो चावी फिरवतो आणि आतूनच ओरडतो, 'आये, चार!' मग मी आत जाते."

मंडळी, तुमच्या अंगणातल्या गाडीचे आज किती दिवे लागले, ते उद्या सकाळी मोजा. आणि एखादा कमी निघाला तर मला पत्र टाका. पण पत्र टाकण्याआधी गाडी उभी करा.